टेलचं पाणी

आमचं घर म्हणजे पाटबंधारे खात्याची चौकी. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी आणि पडवीच्या पायरीपासून बारा पावलांवर कालवा. कालव्यातून आमच्या भागाची चारी, म्हणजे शेतांकडं जाणारा छोटा पाट, तिथंच फुटायची आणि तिच्या तोंडाशी लोखंडी गेट होतं. ते गेट उघडायचं, बंद करायचं आणि चारीवरच्या शेतकऱ्यांना ठरल्या वेळी ठरलेलं पाणी द्यायचं, हे माझ्या वडिलांचं काम. सरकारी कागदात त्यांच्या हुद्द्याला काही वेगळं नाव होतं, पण अवसरी बुद्रुकपासून लोणीच्या शिवारापर्यंत सगळे त्यांना पाटकरीच म्हणायचे. घरात आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो.

कालव्याला पाणी आलं की आमच्या घराचा आवाज बदलायचा. फळीवरची पितळी ताटं बारीक थरथरत राहायची, माठाच्या पाण्यावर रेघा उठायच्या, आणि आई नेहमीपेक्षा दुप्पट मोठ्यानं बोलायला लागायची. धरणातून सोडलेल्या पाण्याचं आवर्तन संपून कालवा कोरडा पडला तरी तिची ती सवय दोन दिवस जायची नाही. शांत घरात ती एकदम ओरडून मीठ मागायची आणि मग स्वतःच हसत बसायची. आप्पांना मात्र पाण्याच्या आवाजावरून गेटातून किती पाणी चाललंय ते कळायचं. जेवता जेवता ते घास हातातच ठेवून कान द्यायचे, "कचरा अडकला" म्हणायचे आणि उठायचे. आवर्तनाच्या दिवसांत त्यांनी एक भाकरी सलग बसून खाल्ल्याचं मला आठवत नाही. जेवणाआधीची प्रार्थना त्यांनी केली तर बाजरीची भाकरी निवायच्या आत संपायची. आईनं केली तर भाकरी गार, पिठल्यावर साय धरलेली आणि आम्ही एका डोळ्यानं ताटाकडं बघत बसलेलो. आई सगळ्या जगासाठी प्रार्थना करायची. आप्पा म्हणायचे, तिचं आवर्तन लांबतं.

इथं शेजपाळीबद्दल, म्हणजे पाणी द्यायच्या क्रमाबद्दल, दोन शब्द लिहायला हवेत, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चारीच्या अगदी शेवटच्या शेतांना टेल म्हणतात. पाणी द्यायला सुरुवात करायची ती टेलपासून, आणि मग एकेक शेत करत वर सरकत तोंडाशी यायचं, असा नियम आहे. तोंडाजवळच्यांनी आधी भिजवलं की शेवटच्यापर्यंत पाणी पोचत नाही, म्हणून हा नियम. पुष्कळ चाऱ्यांवर तो कागदावरच असतो. आप्पांच्या चारीवर तो खरा होता. ज्याची पाळी असेल त्याच्याच शेताचं चारीवरचं दार उघडं, बाकी सगळ्यांच्या दारांना कुलूप, आणि किल्ल्यांचा जुडगा आप्पांच्या कमरेला. मोठ्या बागायतदारानं मोटरसायकल चौकीसमोर उभी करून हळू आवाजात काही सुचवलं, की आप्पा हात जोडून म्हणायचे, "पाणी माझं असतं तर दिलं असतं, राव." चर्चच्या मंडळीत प्रार्थना करायची वेळ आली, तरी त्यांच्या तोंडी चारीचीच भाषा. देव टेलपासून सुरू करतो, शेवटच्याला विसरत नाही, असं ते म्हणायचे. गावात त्यांना मागं 'पाद्री पाटकरी' म्हणत. चहाच्या टपरीवर एकदा कुणीतरी विचारलं, "याकोबभाऊ, पाण्याला बाप्तिस्मा देऊन सोडता का?" आप्पा म्हणाले, "पाणी सोच्छच हाय. गरज तुमाला हाय." सगळी टपरी हसली, विचारणारासुद्धा.

त्या टापूत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. आमची मंडळी मंचरला, अकरा घरांची, एका पत्र्याच्या हॉलमध्ये भरायची. आमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, जुन्नरकडून दोन महिन्यांतून एकदा यायचे, आणि ते आले की भाकर आणि द्राक्षरस वाटून प्रभुभोजन व्हायचं. एरवी उपासना आप्पा किंवा मंडळीचे दुसरे एक पंच चालवायचे. मी मंचरच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळं वर्गात शेवटच्या बाकावर बसायचे, सरांना कधी काही विचारायचे नाही आणि प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचे. मंडळीच्या रविवारच्या शब्बाथशाळेच्या परीक्षेत देव न्यायी आहे आणि विश्वासू आहे हे मी पाठ करून चांगले गुण मिळवले होते. पण त्या मागच्या पानावर एक प्रश्न दोन वर्षं तसाच होता. न्यायी म्हणजे ज्याचं त्याला देणारा. मग दया कुठून करणार? दया करायची म्हणजे कुणाचं तरी कमी करूनच ना? धीर करून मी एकदा पाळकांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, मोठी झालीस की कळेल. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते.

त्या वर्षी धरणात पाणी कमी होतं. फेब्रुवारीच्या शेवटाला सांगावा आला की हे एक आवर्तन, आणि मग कालवा बंद. सगळ्या चारीवर रब्बीचा कांदा उभा होता आणि नेमका पोसायच्या वेळेला आला होता. त्या वेळचं एक पाणी चुकलं की कांदा जागच्या जागी थांबतो, सुपारीएवढी गोल्टी हाती येते आणि बाजारात तिला कुणी उभं करत नाही. चारीच्या मध्यावर आमचंही अर्धा एकर होतं. त्यातही कांदाच होता. त्या कांद्यावर माझं पुण्याला बी.एड.ला जाणं ठरलं होतं. घरात हे कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं, पण आई खुरपायला बसली की प्रत्येक वाफ्याला माझ्या होस्टेलच्या एकेका गोष्टीचं नाव द्यायची. ही गादी, ही पेटी, ही पुस्तकं.

आवर्तन रविवारी सकाळी सुरू होत होतं आणि त्याच रविवारी पाळक येणार होते. पाणी चालू असताना आप्पा चौकी सोडत नसत. त्यामुळं लागोपाठ तीन वेळा त्यांचं प्रभुभोजन चुकलं होतं. ते काही बोलत नव्हते, पण शनिवारी त्यांनी सदरा धुऊन वाळत घातलेला मी पाहिला. मीच म्हणाले, तुम्ही जा, मी बघते, तुम्ही दुपारी दोनला तर परत येणार. मला गेटाचं सगळं येत होतं, लहानपणापासून बघत आले होते. रविवारी सहाला त्यांनी स्वतः गेट उघडून दिलं आणि आठच्या एस.टी.ला आईबरोबर जाताना जुडगा माझ्या हातात ठेवला. सांगितलं ते एवढंच. सहा ते बारा टेलला सखाराम आबांची पाळी आहे. बाराला त्यांच्या वरचा माणूस आपलं आपण वळवून घेईल, त्याचं कुलूप काढून ठेवलं आहे. "तू फक्त बस. काय बी झालं तरी मधलं कुनाचं बी दार उघडायचं न्हाई."

सखाराम आबांच्या वाडवडिलांनी मेंढरं राखली. आबांनी शेती धरली, तरी दहा-बारा मेंढ्या अजून दारात होत्या. चारीच्या अगदी शेवटी, चौकीपासून दोन मैलांवर, त्यांचं रान. पूर्वी त्या रानाला पाणी कधी पोचलंच नव्हतं. आप्पा या चारीवर आल्यापासून ते पोचायला लागलं.

नऊच्या सुमाराला शालनकाकू आल्या. त्यांचं रान चारीच्या तोंडाशी, चौकीवरून हाक मारली तर ऐकू जाईल एवढं जवळ. आमची आणि त्यांची भावकी एकच. त्यांच्या आजेसासऱ्यांच्या पिढीत एक घर ख्रिस्ती झालं, बाकीची पुढं बौद्ध झाली, एवढाच फरक. माझ्या बाराव्या दिवशी म्हणे त्यांनीच मला न्हाऊ घातलं होतं. जानेवारीत त्यांचे यजमान लक्ष्मणकाका गोठ्याच्या छपरावरून पडले आणि त्यांचा खुबा मोडला. काकू महिनाभर मंचरच्या दवाखान्यात त्यांच्या उशाशी होत्या. त्या गडबडीत पाणी मागणीचा सात नंबरचा फॉर्म भरायचा राहून गेला. फॉर्म नाही म्हणून पाळीच्या यादीत नाव नाही. त्या पडवीच्या पायरीवर बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "अर्ध्या तासाचं पाणी दे, रूथा."

मी म्हणाले, काकू, आप्पा दोनला येतील, त्यांना विचारा.

"त्यो व्हता तवा मी आले का? त्यो न्हाईच म्हणनार. त्येचं बरोबर बी हाय. पन तू त्येच्यासारकी न्हाईस, तुझ्यात माया हाय. रोज दवाखान्यातनं यायचं, रानाकडं बगायचं आन् परत जायचं. मला आता बगवंना."

मी आत गेले आणि खाटेजवळ गुडघे टेकून प्रार्थना केली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण चूक तिथं झाली. मी देवाला विचारलं की काय करू, आणि विचारता विचारता माझं मन हलकं झालं. ते हलकं होणं म्हणजेच उत्तर, असं मी धरून चालले. आता इतक्या वर्षांनी मला वाटतं की प्रार्थनेला बसण्याआधीच मी किल्ली हातात घेतली होती. देवानं नको म्हटलं असतं तरी ते ऐकण्याएवढी मी तिथं थांबलेच नव्हते.

मी त्यांच्या रानाचं दार उघडलं. कोरड्या रानाला अर्धा तास म्हणजे काहीच नाही. पहिलं पाणी भेगांत गेलं, दिसलंसुद्धा नाही. काकू अनवाणी वाफ्यावाफ्यातून धावत पाणी वळवत होत्या. त्यांच्या हातातलं खोरं त्यांच्या मानानं फार मोठं होतं. अर्धा तास झाला तेव्हा दोन वाफे जेमतेम भिजले होते. मी बंद करायला गेले, त्यांनी नुसतं वर बघितलं आणि मी माघारी आले. असं तीनदा झालं. दार लावलं तेव्हा अकरा वाजत आले होते. मला स्वतःचा अभिमान वाटत होता. टेलला थोडं कमी गेलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. चारी एकदा रिकामी झाली की पुन्हा भरताना स्वतःच किती पिते, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी ते मला आठवलं नाही. आठवायचं नव्हतं म्हणून आठवलं नाही, असंही असेल.

आई-आप्पा दोनच्या आत आले. पांढऱ्या सदऱ्यात आप्पा फार प्रसन्न दिसत होते. आईच्या पिशवीत बाजारातली वांगी होती, कारण उपासनेच्या दिवशी आमच्याकडं सुकट-वांगं व्हायचं. पायरी चढता चढता आप्पा थांबले. शालनकाकूंच्या रानाच्या दारापुढची माती काळी दिसत होती. ते गेले, वाकले, दोन बोटं मातीत घातली आणि तसेच उकिडवे बसून राहिले. मी जवळ गेले आणि न विचारता सगळं सांगितलं. ते ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी एकच विचारलं, "आबाचं किती राहिलं?" मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, चल बघू.

आम्ही चारीच्या कडेकडेनं निघालो. आप्पांच्या अंगात तोच सदरा होता. वाटेत मीच म्हणाले, बहुतेक थोड्या तोऱ्यातच म्हणाले, की काकूंचं काय चुकलं होतं? तुम्हीच सांगता ना, दया करा म्हणून. मी दया केली.

आप्पा चालायचे थांबले नाहीत. "दया करावी. पन ती आपल्या वाटनीची. दुसऱ्याच्या पान्याची दया करता येत न्हाई, रूथ. तू शालनला दिलंस ते तुझं न्हवतं. तू आबाचं घेऊन तिला दिलंस, आन् चांगलं तुला वाटलं."

टेलला पोचलो तेव्हा आबा बांधावर बसले होते. सोळा वाफ्यांपैकी आठ ओले होते, बाकीचे फुटलेल्या टाचेसारखे. आम्हाला पाहून त्यांनी बसल्याजागीच हात वर केला. "या पाद्रीबुवा. आज देवाच्या राज्यात बी लोडशेडिंग झालं का काय?"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. वर्गात प्रश्न विचारायला न उठणारी मी, इथं उभं राहून सांगितलं की आबा, पाणी मी तोडलं, मधलं दार मी उघडलं, आणि कुणाला दिलं तेही.

आबांनी मांडीवरची माती झटकली. "मला वाटलं वरच्या बागायतदारानं फोडलं. तासभर त्येच्या सात पिढ्यांचा उद्धार केला मी. त्यो बिचारा घरी बसून उचक्या देत आसंल." ते हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. मग कोरड्या वाफ्यांकडं हात करून आप्पांना म्हणाले, "शालनवर माजा राग न्हाई. तिचं बी जळतच व्हतं. पन ह्येचं काय, भाऊ? आता पानी न्हाई पावसाळ्याबिगर."

"मंगळवारी सकाळी माझी पाळी हाय," आप्पा म्हणाले. "सात ते अकरा. माझं दार उघडनार न्हाई. ते पानी मी हितं आनून सोडतो."

"आन् तुझा कांदा?"

आप्पा वाकून कोरड्या वाफ्यातलं ढेकूळ फोडायला लागले. आबा उठून उभे राहिले. म्हणाले, असलं काही नको, पोरीची चूक आहे, मी कुठं तक्रार करणार आहे. आप्पा म्हणाले, तक्रार तर करायलाच हवी, तुम्ही नाही केली तर मी करतो.

घरी आल्यावर आईला कळलं. माझी आई मवाळ बाई, पण त्या दिवशी तिनं तवा चुलीवरून खाली ठेवला आणि दारात उभी राहिली. आप्पांनी मला वाटेत सांगितलेलं तिला माहीत नव्हतं, आणि तरी तिनं नेमका तिथंच घाव घातला. "तुमी न्याय करा, न्हाई कोन म्हनतंय? पन माज्या लेकीच्या वाटनीचा कशाला करता? त्या वाफ्यांत तिचं पुनं हाय. तिला इचारलं का?"

आप्पा खाली बसले. मग ते माझ्याकडं वळून म्हणाले, "आई म्हनती ते खरं हाय. शेत माझं, पन त्यातलं पानी तुझं व्हतं. मी तुला न इचारता शब्द देऊन बसलो. आता तू सांग. तू न्हाई म्हनलीस तर मी आबाच्या पाया पडून शब्द माघारी घेईन."

ते खरोखर तसं करतील हे मला दिसत होतं. नाही म्हणणं सोपं होतं, कारण कुणीच मला दोष दिला नसता. आबांनी स्वतः नको म्हटलं होतं. मी त्या दोन खोल्यांच्या मध्ये उंबऱ्यावर उभी होते. मला पुण्याला जायचं होतं, फार जायचं होतं, हे इथं लपवण्यात अर्थ नाही. मी म्हणाले, "द्या." मग ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा म्हणाले.

संध्याकाळी आप्पांनी माझ्याकडून साहेबांना अर्ज लिहून घेतला, कारण माझं अक्षर चांगलं. पाटकरी कामावर गैरहजर होता, त्यामुळं पाळीबाहेर दार उघडलं गेलं आणि टेलच्या शेतकऱ्याचं नुकसान झालं, असा मजकूर. मी लिहिता लिहिता थांबून विचारलं की इथं माझं नाव घालू ना?

"न्हाई," ते म्हणाले. "किल्ली माझी व्हती."

पुढं साहेबांनी त्यांना मेमो दिला. तो त्यांनी घडी करून पेटीत ठेवला, शाळेच्या दाखल्याबरोबर. शालनकाकूंकडंही ते त्याच संध्याकाळी जाऊन आले. काकू रडत होत्या. त्यांना वाटलं, पाणी परत मागायला आले की काय. आप्पांनी सांगितलं की तुमच्या रानात गेलं ते तुमचं, त्याचा हिशेब मिटला, आणि पुढच्या वेळी फॉर्म भरायला मी स्वतः येईन. काकूंनी त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

मंगळवारी आप्पांनी मला आमच्याच बंद दाराशी बसवलं. ते स्वतः वर-खाली फिरून बाकीची दारं बघणार होते. सात वाजता आमची पाळी लागली. पाणी चारी भरून, गढूळ, वर काटक्या घेऊन आलं आणि आमच्या शेताला वळसा घालून खाली निघालं. माझ्या डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला आमचे वाफे. मध्ये हातभर रुंदीचा मातीचा बांध. कांद्याच्या पाती टोकाला पिवळ्या पडून झुकल्या होत्या. पाण्याचा वास त्यांनाही येत असेल का, असा वेडा विचार मनात आला. माझ्याजवळ खोरं होतं. दार नाही उघडलं, नुसतं एक ढेकूळ सरकवलं तरी दोन वाफे भिजले असते, आणि टेलला कुणाला कळलंही नसतं. मी खोरं मागं टाकलं आणि हात मांडीखाली दाबून बसले. क्रूसाविषयी मी लहानपणापासून ऐकत आले होते, गुड फ्रायडेला रडलेही होते. पण आपल्या डोळ्यांसमोरून आपलं पाणी दुसऱ्याकडं जाऊ द्यायचं, ज्यानं काही केलं नाही त्यानं दुसऱ्याच्या चुकीचं भरायचं, म्हणजे काय, ते त्या बांधावर मला पहिल्यांदा अंगाला लागलं. आप्पांनी काही केलं नव्हतं. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही, चुकत असेन. पण वहीच्या मागच्या पानावरचा माझा प्रश्न तिथं थांबला. कमी करावं लागतं हे खरंच होतं. कुणाचं कमी करायचं, एवढंच ठरवायचं होतं.

नऊच्या सुमाराला आई भाकरी घेऊन आली. रविवारपासून ती आप्पांशी कामापुरतंच बोलत होती. माझ्याशेजारी बसली, भाकरी मोडून चटणी लावली, माझ्या हातात दिली. दोघी पाण्याकडं बघत खात होतो. मध्येच तिचं लक्ष बांधाच्या पायथ्याकडं गेलं. खेकड्याचं बीळ होतं. त्यातून करंगळीएवढी धार आत येत होती आणि पहिल्या वाफ्याचा एक कोपरा ओला होत होता. मला ती दिसली नव्हती. आईनं बराच वेळ त्या ओल्या कोपऱ्याकडं पाहिलं. मग भाकरी खाली ठेवली, साडी गुडघ्यापर्यंत खोचली, चारीत उतरली आणि टाचेनं माती रगडून रगडून ते बीळ बुजवलं. धार थांबली. वर येऊन तिनं पाय गवताला पुसले आणि उरलेली भाकरी खाल्ली.

मंडळीत साक्ष देताना लोक सांगतात की आम्ही एवढं दिलं आणि देवानं दुप्पट परत केलं. मलाही इथं तसं काही लिहायचा मोह होतो. पण तसं झालं नाही. अवेळी पाऊस आला नाही. आमच्या अर्ध्या एकरातून गोल्टी निघाली. त्या जूनला मी पुण्याला गेले नाही, मंचरला एका बालवाडीत वर्षभर शिकवलं आणि दुसऱ्या वर्षी गेले. त्या वर्षात एस.टी.तून पुण्याकडं जाणाऱ्या मैत्रिणींना पाहून मी रडलेही आहे. देव विश्वासू आहे असं मी आज म्हणते ते भरपाई मिळाली म्हणून नाही. ऑक्टोबरात कालव्याला पुन्हा पाणी आलं आणि आप्पांनी पुन्हा टेलपासून सुरुवात केली. मेमो घेऊन, गोल्टी विकून, एका शब्दाची कुरबुर न करता. त्यांना ते बळ कुठून येत होतं ते मी रोज जवळून बघत होते. त्याहून मोठा पुरावा माझ्याजवळ नाही आणि मला तो लागलाही नाही.

पण मंगळवारचं अजून थोडं राहिलं. दहा वाजता आईला आमच्या दाराशी बसवून मी पाण्याबरोबर टेलला गेले. आप्पा तिथं गुडघाभर चिखलात उभे राहून आबांचं दारं धरत, एकेका वाफ्यात पाणी सोडत होते. आबा बांधावरून सूचना देत होते. पाटकऱ्याला दारं धरता येत नाही, नुसतं कुलूप लावता येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. आप्पा मुकाट्यानं वाफे वळवत होते. शेवटचा वाफा भरला तेव्हा अकराला दहा मिनिटं कमी होती. चारीत अजून पाणी होतं. आबांनी त्या पाण्याकडं पाहिलं, मग वर, आमच्या रानाच्या दिशेला पाहिलं. इथून ते दिसत नव्हतं.

"उरलं की गं," ते मला म्हणाले. "पन ह्ये तुमाला माघारी कसं द्यावं? वर चढत न्हाई."

"माहीत आहे, आबा," मी म्हणाले.

आबा धोतर सावरत खाली उतरले, आप्पांच्या हातातलं खोरं काढून घेतलं आणि टेलच्याही पलीकडं, जिथं आजवर पाणी कधी गेलं नव्हतं त्या गायरानाकडं चारीचं शेवटचं टोक मोकळं केलं. मेंढ्या उठल्या आणि एकीमागून एक पाण्याकडं निघाल्या.